काचेवरची खळ

माणसाचं मांस मी रोज कापत होते आणि अंड्याला मात्र शिवत नव्हते. हे ऐकून माझी भाचरं आजही पोट धरून हसतात. हसू देत. तेव्हा मला त्यात काहीच वावगं वाटत नव्हतं, आणि पुढं जे घडलं ते सगळं त्यातूनच घडलं.

आमचं घर शहापुरातलं, विणकराचं. वडील गेल्यावर घरातला एक माग बंद पडला आणि दुसऱ्यावर अण्णा, म्हणजे माझा थोरला भाऊ, बसू लागला. माझं लग्न होऊन दीड वर्षात नवरा तापानं गेला. सासरच्यांनी माझी ट्रंक बैलगाडीत ठेवली आणि मी माहेरी आले. माहेरी मी कांड्यांवर सूत भरायची, तुटलेला रेशमी धागा सांधायची, सुताला ताठपणा यावा म्हणून लावतात ती तांदळाची खळ आईबरोबर शिजवायची. पण एका मागावर घर चालेना, म्हणून गल्लीतल्या एका नर्सच्या ओळखीनं मी बेळगावच्या एका दवाखान्यात बाटल्या धुवायला लागले. स्वातंत्र्याला अजून दहा-बारा वर्षं होती. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात आणि बेळगाव इंग्रजांचं, त्यामुळं मी रोज सकाळी एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कामाला जायची आणि संध्याकाळी परत यायची. मला त्याचं मोठं अप्रूप होतं.

दवाखान्याच्या व्हरांड्याच्या टोकाला एक छोटी खोली होती. तिथं मुंबईला शिकून आलेल्या एक डॉक्टरीणबाई बसायच्या. रोग्याच्या अंगातून काढलेला मांसाचा तुकडा न सडता टिकवायचा, त्याचे पातळ काप करायचे आणि ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहून रोग ओळखायचा, हे त्यांचं काम. त्या खोलीला फॉर्मलीनचा असा वास यायचा की आयाबाया पदर नाकाला लावून पुढं पळायच्या. मला तो वास आवडायचा. खोटं कशाला बोलू?

एका दुपारी मी धुतलेल्या बाटल्या घेऊन आत गेले, तर बाई काप काढायच्या यंत्राशी झुंजत होत्या. चाक फिरवलं की मेणात बसवलेला तुकडा पात्यावरून खाली यायचा आणि एक पापुद्रा सुटायचा. एकाला एक चिकटून त्या पापुद्र्यांची लांब पट्टी निघायला हवी होती. ती दर वेळी तुटत होती. बाई घामाघूम झाल्या होत्या.

मी म्हणाले, "बाई, तुमी हिसका देताय."

"मग तू दाखव करून," त्या चिडून म्हणाल्या आणि उठल्या.

त्या रागानं म्हणाल्या होत्या, पण मी बसले. चाक एका लयीत फिरवलं, दुसऱ्या हातातल्या ओल्या कुंचल्यानं पट्टीचं टोक हलकेच उचललं. पट्टी निघाली. वीतभर झाली, दीड वीत झाली. पांढरी, पातळ, आणि तिच्यात ओळीनं तोच एक तपकिरी ठिपका पुन्हा पुन्हा. माझ्या अंगावर काटा आला. इतकी नाजूक वस्तू मी जन्मात हाताळली नव्हती. फुंकर लागली असती तरी उडाली असती, म्हणून मी श्वासच रोखून धरला. बाईंनी माझी कसलीही चौकशी केली नाही. त्या म्हणाल्या, "उद्यापासून बाटल्या दुसरं कुणीतरी धुईल."

त्यानंतरच्या महिन्यांबद्दल बोलायला लागले की माझं मलाच आवरत नाही. तुकडा आधी फॉर्मलीनमध्ये ठेवायचा. मग थोड्या कडक स्पिरिटमध्ये, मग त्याहून कडक, असं करत करत त्याच्यातलं सगळं पाणी काढायचं. मग झायलॉलमध्ये टाकला की तो हळूहळू आरपार दिसायला लागायचा. ते बघायला मी दर पाच मिनिटांनी बरणी उजेडाला धरायची आणि बाई ओरडायच्या. शेवटी वितळलेल्या मेणात मुरवून त्याची वडी पाडायची. या सगळ्याला चार दिवस लागायचे. घाई केली की तुकडा आतून कच्चा राहायचा आणि पात्याखाली त्याचा भुगा व्हायचा. उन्हाळ्यात मेण मऊ पडायचं, म्हणून कापायच्या आधी मी वडी माठातल्या पाण्यात ठेवायची. ही युक्ती माझी, बाईंच्या पुस्तकात ती नव्हती.

एकदा त्यांनी मला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. कातडीचा काप होता, रंगवलेला, गुलाबी जमिनीवर निळे ठिपके. मी बराच वेळ डोळा काढला नाही. मग विचारलं, "बाई, हे कुनी विणलं?" त्या हसल्या, पण मी गमतीनं विचारलं नव्हतं.

आता अंड्याचं सांगते. काप काचेवर घट्ट चिकटून राहावा लागतो, नाहीतर काच रंगात बुडवली की तो सुटून तरंगायला लागतो. त्यासाठी काचेला आधी अंड्याचा पांढरा बलक आणि ग्लिसरीन यांचं मिश्रण बोटानं चोळायचं. ते नासू नये म्हणून त्यात कापराचा खडा. बाईंनी कृती सांगितली आणि म्हणाल्या, "दवाखान्याच्या स्वयंपाकघरातून एक अंडं माग." मी मान डोलावली.

मांसाचा तुकडा मी चिमट्यानं धरायची, आणि घरी गेल्यावर न्हाणीत डोक्यावरून पाणी घेऊनच आत पाऊल टाकायची. आईनं तेवढ्यावर मनाची समजूत घालून घेतली होती. पण अंडं हातानं फोडायचं, तो बुळबुळीत बलक बोटानं चोळायचा, आणि त्याच बोटांनी घरी भाकरी थापायची? आमच्या घरात अंड्याचं नाव कुणी काढलं तरी आईच्या कपाळावर आठ्या पडायच्या. मी विचार केला, चिकटवायचंच आहे ना, मग आमची खळ काय वाईट आहे? आमच्या घरातलं सूत तिनंच धरून ठेवलंय. मी घरून डबीत पातळ खळ आणली आणि फडक्यातून गाळली. कापूर तेवढा इमानेइतबारे घातला, आणि बाईंनी अंड्याच्या मिश्रणाची चिठ्ठी चिकटवलेल्या बाटलीत ती भरून ठेवली. काप असे चिकटले की बाईंनी माझी पाठ थोपटली. मी तोंडातून अवाक्षर काढलं नाही. उलट मनातल्या मनात चांगली फुशारले. असे चार महिने गेले.

त्याच उन्हाळ्यात अण्णाचा उजवा पाय सुजला. खरं तर सूज आधीपासून होती, आता तिला छिद्रं पडून पू यायला लागला. वैद्याचे लेप झाले, शेक झाला, काही उपयोग झाला नाही. आमच्याकडचा माग खड्ड्यातला. विणकर काठावर बसतो, पाय खड्ड्यात सोडतो आणि दोन्ही पायांनी आळीपाळीनं पावड्या दाबतो, तेव्हा कुठं कापड पुढं सरकतं. अण्णाचं विणकाम अर्ध्यावर आलं होतं. मीच त्याला बळंबळं दवाखान्यात नेलं.

तिथल्या सर्जनसाहेबांनी पाय सगळीकडून दाबून पाहिला. ते म्हणाले, दोन शक्यता आहेत. मातीतली एक बुरशी पायात शिरते आणि हाडापर्यंत जाते. ती असेल तर पाय गुडघ्याखाली कापावा लागेल, नाहीतर ती वर चढेल. बुरशी नसेल तर जखम उघडून साफ करता येईल. त्यांनी एक छोटा तुकडा काढून बाईंच्या हवाली केला. येत्या सोमवारी ते जे काय करायचं ते करणार होते, कारण मंगळवारी ते रजेवर निघणार होते.

अण्णानं मला विचारलं, "तुकडा तूच कापनार न्हवं?"

"मीच."

"मग बरं हाय," तो म्हणाला आणि निवांत भिंतीला टेकला.

चार दिवस मी त्या तुकड्याला तळहातावरच्या फोडासारखं जपलं. शनिवारी सकाळी काप काढले, खळ लावलेल्या काचांवर घेतले. नेहमीच्या रंगात बाईंना नक्की काही कळेना. सूज आहे एवढंच दिसत होतं. मग त्यांनी दुसरी काच घेतली आणि जंतू नि बुरशी दाखवणारा रंग दिला. त्यात जांभळ्या रंगावर आयोडीन घालायचं असतं. हा रंग आमच्या खोलीत पहिल्यांदाच वापरला जात होता. बाईंना धीर धरवेना. काच पुरती धुतली न धुतली तोच त्यांनी ती सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

मग डोळा न काढता त्यांनी माझं मनगट घट्ट धरलं. "आहेत गं," त्या म्हणाल्या. "दाणे आहेत. ढिगानं आहेत."

मी बघितलं. निळेकाळे गोल दाणे, कुठं एकेकटे, कुठं घोसानं. बाई पुस्तकं काढून पानं उलटत सुटल्या. "असे मी चित्रातसुद्धा पाहिले नाहीत. ही बुरशी नवीनच असली तर?" त्यांचा आवाज कापत होता. आमच्या या एवढ्याशा खोलीत, माझ्या हातच्या कापात, कुणी न पाहिलेली वस्तू! आम्ही दोघी आलटून पालटून बघत होतो आणि शाळकरी पोरींसारख्या हसत होतो. ते दाणे माझ्या सख्ख्या भावाच्या पायातले आहेत, हे मला जरा वेळानं आठवलं. त्याची लाज मला आजही वाटते.

बाईंनी जाऊन सर्जनसाहेबांना सांगितलं. ते वॉर्डात आले आणि सोमवारी पाय काढावा लागेल असं अण्णाला सांगून टाकलं. अण्णा पायाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "एका पायानं माग चालत न्हाय, साहेब." साहेब म्हणाले, पाय ठेवला तर जिवावर बेतेल. "मग कापा," अण्णा म्हणाला, आणि माझ्याकडं वळून हळूच बोलला, "तुझ्या वैनीला तूच सांग गं. मला जमायचं न्हाय."

माझ्यानं घरी जाववेना. मी खोलीत परत आले. बाई व्हरांड्यात खुर्ची टाकून मुंबईच्या आपल्या गुरुजींना पत्र लिहीत होत्या. मला त्या दाण्यांचा भयंकर राग आला होता. माझ्या भावाचा पाय न्यायला निघालेत, तर त्यांना एकदा नीट बघून तरी घेऊ, म्हणून मी काच पुन्हा लावली. मी काच सरकवत गेले, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, कापडातला दोष शोधताना बघतात तशी. सरकवता सरकवता मांसाची कड आली. कड संपली. पुढं नुसती काच होती, आणि तिथंही तेच निळेकाळे दाणे होते.

मांस संपलं तरी दाणे संपेनात. बुरशी पायात होती म्हणावं, तर ती काचेवर कशी पसरली? काचेवर मांसाशिवाय आणखी काय होतं, ते त्या दवाखान्यात फक्त मला ठाऊक होतं.

मी एक कोरी काच घेतली. तिला बाटलीतली खळ चोळली, वर आयोडीनचा थेंब टाकला. बघता बघता तिथं निळंकाळं झालं. सूक्ष्मदर्शकाखाली धरली, तर तेच गोल दाणे, तेच घोस. मग दुसरी काच घेतली, तिला काहीच लावलं नाही, नुसतं आयोडीन टाकलं. पिवळा डाग पडला, बाकी काही नाही. मी पुन्हा करून पाहिलं. पुन्हा तसंच.

त्या क्षणी मला काय वाटलं ते सांगते. मला आनंद झाला. चूक माझी होती, भावाचा पाय माझ्यामुळं जाणार होता, नोकरी जाणार हे दिसत होतं, आणि तरी माझं काळीज आनंदानं उड्या मारत होतं, कारण हे मी शोधलं होतं, मला कुणी सांगितलं नव्हतं.

दोन्ही काचा घेऊन मी बाईंपुढं उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं. त्यांचं पेन हातातच राहिलं.

"चार महिने?" त्या म्हणाल्या.

"व्हय."

"प्रत्येक काचेला खळ?"

"व्हय, बाई."

"अंड्याला शिवायचं नव्हतं, तर मला सांगायचं होतंस."

"सांगितलं असतं तर तुमी दुसरी कुनी ठेवली असती."

"ठेवली असती," त्या म्हणाल्या. त्यांनी माझ्या दोन्ही काचा उजेडाला धरून पाहिल्या. मग समोरचं पत्र फाडलं, त्याचे चार तुकडे केले आणि उठल्या. "मी साहेबांकडं जाते. माझ्या काचेत चूक होती असं सांगते. तू अंडं आण."

त्यांनी 'माझ्या' म्हटलं. मी ते विसरले नाही.

पहिलं अंडं माझ्या हातून निसटून फरशीवर फुटलं. दुसरं मी डोळे मिटून वाटीच्या काठावर आपटलं. बलक बोटांना लागला, थंडगार. आभाळ काही कोसळलं नाही. मी तो गाळला, ग्लिसरीन घातलं, घोटला.

खरी काळजी पुढंच होती. मेणाच्या वडीत तुकडा अगदी थोडा उरला होता. तो संपला तर नवीन तुकडा, नवीन चार दिवस, आणि साहेब तर मंगळवारी निघणार. सोमवारपर्यंत नवी काच दाखवा, नाहीतर पाय काढतो, असं त्यांनी बाईंना बजावलं होतं. रविवारी सकाळी मी वडी माठात जास्त वेळ ठेवली, पातं दोनदा घासलं आणि यंत्रावर बसले. बाई दाराशी उभ्या होत्या. मी चाक फिरवलं. पट्टी निघायला लागली. मध्येच ती थरथरली, माझा हात थांबायला बघत होता, मी थांबू दिला नाही. अकरा काप निघाले आणि मग नुसतं मेण आलं.

काचा रंगवून झाल्यावर बाई म्हणाल्या, "आधी तू बघ."

मी बघितलं. टोकापासून टोकापर्यंत बघितलं. मांसात बघितलं, मांसाबाहेर बघितलं. निळाकाळा एक दाणा नव्हता. इतकी सुंदर मोकळी काच मी कधी पाहिली नाही. फक्त एका जागी, सुजलेल्या मांसाच्या मधोमध, बारीक चौकोनी घरांची एक तपकिरी ओळ होती. बाईंनी पाहिली. त्या एकदम सरळ झाल्या. "ही माणसाची नाही," त्या म्हणाल्या. "ही झाडाची आहे. अगं, हे लाकूड आहे."

मी वॉर्डात पळत गेले. तिथली नर्स माझ्यावर खेकसली. अण्णाला विचारलं, "पायात कदी काय मोडलंतं का?"

तो आठवू लागला. "मागाच्या फणीची एक बांबूची काडी घुसलती गेल्या साली. पर ती मी काढली की."

"अर्धीच काढलीस," मी म्हणाले. "बुरशी न्हाय, अण्णा. पाय ऱ्हातोय."

त्यानं धोतराचा सोगा तोंडाला लावला आणि भिंतीकडं वळला. त्याचे खांदे किती तरी वेळ हलत होते.

सोमवारी साहेबांनी पाय उघडला आणि बोटाच्या पेराएवढी बांबूची कुजकी काडी बाहेर काढली. ती त्यांनी बाईंच्या टेबलावर बशीत आणून ठेवली आणि बाईंशी हात मिळवला. मी फॉर्मलीनची बरणी आणायला धावले, म्हणून तिथं पुढं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही.

मंगळवारी मात्र मला राहवेना. अण्णा पाय बांधून खाटेवर बसला होता. मी त्याच्या उशाशी बसले आणि खळीचं सगळं सांगितलं, पाय कुणामुळं जाणार होता तेही सांगितलं. मी मान खाली घालून ऐकून घ्यायला तयार झाले. त्यानं शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

त्यानं विचारलं, "मग मागनं कशानं चिकटवलंस?"

"अंड्यानं."

"सोता फोडलंस?"

"व्हय."

त्यानं दाराकडं बघितलं. आई भाकरीचं फडकं घेऊन व्हरांड्यातून येत होती. तो माझ्याकडं वाकला आणि पुटपुटला, "खळीचं मी सांगतो तिला. अंड्याचं तेवढं तिला कळू देऊ नको गं. तुझ्या हातची भाकरी खायची न्हाय ती मग."

आई आली, आमच्या दोघांच्या तोंडांकडं बघून "का रडतायसा?" म्हणाली, आणि आम्ही दोघांनी एकदम "काय न्हाय" म्हटलं.